स्टार ट्रेक पाहायचे आहे, पण सुरुवात कुठून करावी?

'स्टार ट्रेक' एकदा पाहावे असे अनेकांच्या मनात असते, पण प्रत्यक्ष सुरुवात फार थोडे जण करतात. विचारले तर बहुतेकांचे उत्तर सारखेच येते: एवढा पसारा आहे, हात कुठून घालायचा? ही धास्ती अगदीच निराधार नाही. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर मूळ मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला आणि तेव्हापासून या नावाखाली दहाहून अधिक मालिका, चित्रपटगृहांत आलेले १३ चित्रपट आणि सगळे मिळून ९०० हून अधिक भाग तयार झाले. रोज न चुकता एक भाग पाहिला तरी सुमारे अडीच वर्षे लागतील.

पण हे सगळे क्रमाने पाहावे लागते ही समजूतच मुळात चुकीची आहे. दिवाळी अंक हातात आला की आपण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ओळीने वाचत नाही. अनुक्रमणिका पाहतो, एखादी कथा निवडतो, ती आवडली की पुढची शोधतो. १९६६ ते २००१ या काळातले बहुतेक 'स्टार ट्रेक' याच पद्धतीने पाहता येते, कारण त्यातला जवळजवळ प्रत्येक भाग म्हणजे सुरुवात, मध्य आणि शेवट असलेली स्वतंत्र कथा आहे. म्हणून या लेखात मी मालिकांची वंशावळ सांगत बसणार नाही. आज रात्री कोणता भाग लावावा, त्यानंतर कोणता आणि कोणता खुशाल सोडून द्यावा, एवढेच सांगण्याचा हेतू आहे.

पहिली पायरी: जुजबी माहिती

पडद्यावर काय चालले आहे हे कळण्यासाठी फार थोडी पूर्वतयारी लागते. काळ बाविसाव्या ते चोविसाव्या शतकातला आहे (अलीकडच्या काही कथा त्याच्याही पुढे जातात). पृथ्वीवरची माणसे आपापसातली युद्धे आणि दारिद्र्य मागे टाकून इतर ग्रहांवरच्या लोकांबरोबर एका संघात सामील झाली आहेत. त्या संघाला 'फेडरेशन' म्हणतात. संघाच्या वतीने अंतराळात फिरणारे, नव्या संस्कृतींची ओळख करून घेणारे आणि वेळ पडल्यास लढणारे दल म्हणजे 'स्टारफ्लीट'. 'एंटरप्राइज' हे या दलातले सर्वांत प्रसिद्ध जहाज. या नावाची अनेक जहाजे वेगवेगळ्या काळांत होऊन गेली आहेत, त्यामुळे एका मालिकेतले एंटरप्राइज दुसरीत वेगळे दिसले तर गोंधळून जाऊ नये.

'वॉर्प' म्हणजे प्रकाशापेक्षा जास्त वेगाने जाण्याची सोय. 'ट्रान्सपोर्टर' म्हणजे माणसाला जहाजावरून थेट ग्रहाच्या पृष्ठभागावर पोहोचवणारे यंत्र. या यंत्राचा जन्म विज्ञानाइतकाच हिशेबातून झाला: दर आठवड्याला एवढे मोठे जहाज ग्रहावर उतरवून दाखवण्याचा खर्च दूरचित्रवाणीच्या अंदाजपत्रकात बसणारा नव्हता, तेव्हा निर्मात्यांनी माणसेच प्रकाशाच्या झोतातून खाली पाठवली. पैशांच्या ओढाताणीतून सुचलेली ही कल्पना पुढे या मालिकेची ओळखच बनली.

गणवेशाचे रंग ध्यानात ठेवले तर कोण काय काम करतो हे लगेच ओळखता येते. मूळ मालिकेत जहाजाचे नेतृत्व करणारे सोनेरी, अभियंते आणि सुरक्षारक्षक लाल, तर शास्त्रज्ञ आणि डॉक्टर निळा रंग वापरतात. १९८७ नंतरच्या मालिकेत लाल आणि सोनेरी यांची अदलाबदल झाली, म्हणजे कॅप्टन लाल गणवेशात दिसतो.

आणखी एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी, कारण कितीतरी कथांचा पेच तिच्यावर उभा आहे. 'प्राइम डायरेक्टिव्ह' नावाचा स्टारफ्लीटचा सर्वोच्च नियम सांगतो की, ज्या संस्कृती अजून वॉर्पच्या पातळीपर्यंत पोहोचलेल्या नाहीत, त्यांच्या नैसर्गिक वाटचालीत ढवळाढवळ करायची नाही. ऐकायला सोपा वाटणारा हा नियम, डोळ्यांसमोर एखादी वस्ती नष्ट होत असताना पाळायचा का, हा प्रश्न वेगवेगळ्या कॅप्टनांसमोर पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी उत्तर सारखे निघत नाही. वसाहतवाद सोसलेल्या देशातल्या प्रेक्षकाला या प्रश्नाची दुसरी बाजूही दिसते, आणि ती घेऊनच या कथा पाहाव्यात असे मला वाटते.

दुसरी पायरी: पहिला भाग

माझ्या भाचीला ही मालिका दाखवायचे मी ठरवले, तेव्हा 'द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेच्या पहिल्या सीझनच्या पहिल्या भागापासून सुरुवात केली. चौथ्या भागापर्यंत तिचा उत्साह मावळला होता, आणि तिची काही चूक नव्हती. त्या मालिकेचा पहिला सीझन चाचपडत पुढे जातो. पुढे सहा महिन्यांनी मी तिला एकच भाग दाखवला आणि तो संपल्यावर तिने आपणहून विचारले, "अजून आहेत का असे?" तो भाग म्हणजे दुसऱ्या सीझनमधला नववा, 'द मेजर ऑफ अ मॅन'. नव्या प्रेक्षकाने इथूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

कथा अशी आहे. एंटरप्राइजवर डेटा नावाचा अधिकारी आहे. तो यंत्रमानव आहे, फिकट कातडीचा, पिवळ्या डोळ्यांचा, अतिशय सभ्य आणि माणसांचे वागणे समजून घेण्यासाठी सतत धडपडणारा. मॅडॉक्स नावाचा एक शास्त्रज्ञ त्याचे भाग सुटे करून तसेच आणखी यंत्रमानव बनवायचे म्हणतो. डेटाला हे मान्य नाही, म्हणून तो राजीनामा देतो. त्यावर मॅडॉक्स म्हणतो की तो स्टारफ्लीटची मालमत्ता आहे, आणि मालमत्तेला राजीनामा देता येत नाही. प्रकरण सुनावणीला जाते. तिथले कार्यालय नुकतेच उघडलेले असल्याने माणसे नाहीत. म्हणून कॅप्टन पिकार्डने डेटाची बाजू मांडायची आणि उपकप्तान रायकरने त्याच्या विरोधात उभे राहायचे, असे न्यायाधीश ठरवतात. रायकर डेटाचा मित्र आहे. पण त्याने नकार दिला किंवा मुद्दाम कच्ची बाजू मांडली, तर निकाल थेट डेटाच्या विरोधात जाईल.

आता एक दृश्य नीट पाहावे. रायकर पडद्यासमोर बसून डेटाचे तांत्रिक आराखडे चाळत असतो. खटला जिंकून देईल अशी एक गोष्ट त्याला सापडते आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते, जसे कोणत्याही हुशार माणसाला कोडे सुटल्यावर उमटेल. मग क्षणभरात ते हसू विरते, कारण आपण काय शोधून काढले आहे आणि ते कोणावर वापरायचे आहे हे त्याच्या ध्यानात येते. या सगळ्यात एक शब्दही बोलला जात नाही. पुढे सुनावणीत तो ती गोष्ट वापरतो तेव्हा खोलीत बसलेल्या प्रत्येकाला, आणि आपल्यालाही, जड जाते.

दुसऱ्या बाजूला पिकार्ड हताश होऊन जहाजावरच्या उपाहारगृहात गायननशी बोलायला जातो. ही भूमिका व्हूपी गोल्डबर्ग यांनी केली आहे. इतरांना नकोशी वाटणारी कामे करून घेण्यासाठी, ज्यांच्या सुखदुःखाचा विचारच करावा लागत नाही अशा माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्या इतिहासात राबवल्या गेल्या, एवढेच ती शांतपणे सुचवते; 'गुलामगिरी' हा शब्द पिकार्डच्या तोंडून निघतो. कृष्णवर्णीय अभिनेत्रीच्या तोंडी ही सूचना ठेवल्याने त्या दृश्याला जे वजन येते, ते समजावून सांगावे लागत नाही. कथालेखिका मेलिंडा स्नॉडग्रास यांनी आधी वकिली केलेली होती, आणि सुनावणीतले युक्तिवाद ऐकताना ते जाणवते.

न बंदुका, न स्फोट. एका खोलीत बसून चाललेला वाद, आणि तरीही शेवटच्या मिनिटापर्यंत नजर हटत नाही. मला 'स्टार ट्रेक' ज्यासाठी प्रिय आहे ते सगळे या ४५ मिनिटांत आहे: माणसे टेबलाभोवती बसतात, एकमेकांचे ऐकतात, मतभेद ठेवूनही एकमेकांचा मान राखतात आणि काय करणे योग्य आहे हे ठरवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करतात. हा भाग पाहून काहीच वाटले नाही, तर बहुधा ही मालिका आपल्यासाठी नाही, असे समजून निश्चिंतपणे दुसरे काही पाहावे.

तिसरी पायरी: पुढचे दोन महिने

भाग आवडला असेल तर त्याच मालिकेत राहावे. 'द नेक्स्ट जनरेशन' १९८७ ते १९९४ या काळात सात सीझन चालली आणि तिचे १७८ भाग झाले; पॅट्रिक स्टुअर्ट यांचा कॅप्टन जाँ-लुक पिकार्ड हा तिचा कणा आहे. आठवड्याला दोन भाग या गतीने पुढील निवड पाहिली तर साधारण दीड-दोन महिने पुरतील, आणि तोवर या जहाजावरची माणसे आपल्या ओळखीची झालेली असतील.

दुसऱ्या सीझनचा सोळावा भाग 'क्यू हू' आधी पाहावा, कारण त्यात 'बोर्ग' पहिल्यांदा भेटतात. माणसांना पकडून यंत्रांशी जोडणारा आणि एकच सामूहिक मन असलेला हा समाज पुढे फार महत्त्वाचा ठरतो. मग तिसऱ्या सीझनमधला चौथा, 'हू वॉचेस द वॉचर्स', ज्यात एका साध्यासुध्या संस्कृतीतले लोक पिकार्डलाच देव समजू लागतात आणि प्राइम डायरेक्टिव्ह मोडल्याचे परिणाम निस्तरता निस्तरता त्याची दमछाक होते. त्याच सीझनचा पंधरावा भाग 'यस्टरडेज एंटरप्राइज' आणि शेवटचा 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्‌स' हे दोन्ही उत्कंठेसाठी. दुसऱ्याची कथा चौथ्या सीझनच्या पहिल्या भागात पूर्ण होते; १९९० साली अमेरिकेतल्या प्रेक्षकांना या उत्तरार्धासाठी संपूर्ण उन्हाळा थांबावे लागले होते. आपल्याला थांबावे लागत नाही, पण दोन भागांच्या मध्ये एक रात्र जाऊ द्यावी. तेवढी हुरहूर त्या कथेला हवी असते. त्याला लागूनच 'फॅमिली' पाहावा. मोठ्या आघातानंतर पिकार्ड फ्रान्समधल्या आपल्या गावी, भावाच्या द्राक्षमळ्यावर परत जातो, एवढीच कथा. पण नायकाला लागलेली जखम पुढच्या आठवड्यात विसरून जायची नाही, असा धडा या मालिकेने तिथे घालून दिला.

पाचव्या सीझनमधल्या दोन भागांसाठी मात्र मोकळा वेळ काढावा. त्यातला पहिला 'डारमॉक', सीझनचा दुसरा भाग. टमारियन नावाच्या लोकांशी संवाद साधायचा असतो. भाषांतर करणारे यंत्र त्यांचे शब्द बरोबर सांगते, तरीही कोणालाच काही कळत नाही, कारण ते लोक फक्त आपल्या पुराणकथांतल्या संदर्भांतून बोलतात. मराठी माणसाला ही अडचण चटकन उमगेल. 'त्याने ध चा मा केला' किंवा 'तिने अटकेपार झेंडे लावले' ही वाक्ये ज्याला नारायणराव पेशव्यांची हकिकत माहीत नाही, अटक कुठे आहे हे ठाऊक नाही, अशा माणसासमोर ठेवून पाहावीत: प्रत्येक शब्दाचा अर्थ कोशात सापडेल आणि वाक्याचा अर्थ तरीही लागणार नाही. टमारियन लोकांची सगळी भाषाच अशी आहे. त्यांचा कप्तान पिकार्डला एका निर्जन ग्रहावर घेऊन जातो, आणि शेकोटीपाशी बसून पिकार्ड त्याला गिल्गमेशची प्राचीन कथा सांगतो. दोन अनोळखी माणसे एकमेकांना समजून घेण्यासाठी किती किंमत मोजतात, हे दाखवणारे याहून चांगले दृश्य दूरचित्रवाणीवर मी पाहिलेले नाही.

दुसरा 'द इनर लाइट', पाचव्या सीझनचा पंचविसावा. त्याच्याबद्दल काहीही आधी वाचू नये, मीही काही सांगणार नाही. फक्त शेवटच्या मिनिटात दिसणाऱ्या बासरीकडे लक्ष ठेवावे. या भागाला १९९३ साली विज्ञानकथांसाठीचा मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

याशिवाय चौथ्या सीझनचा 'द ड्रमहेड', ज्यात संशयाच्या भरात चौकशी कशी छळवणुकीत बदलते ते दिसते, आणि सहाव्या सीझनमधले 'चेन ऑफ कमांड'चे दोन भाग आणि 'टॅपेस्ट्री' जोडले की ओळख पक्की होईल. दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग, 'शेड्स ऑफ ग्रे', जुन्या दृश्यांची जुळवाजुळव करून बनवलेला आहे. तो वगळावा, काहीही चुकणार नाही.

चौथी पायरी: मूळ मालिकेकडे वळणे

आता १९६६ कडे जावे, आधी नव्हे. जीन रॉडेनबेरी यांनी निर्माण केलेली मूळ मालिका ३ सीझन आणि ७९ भाग चालून १९६९ साली बंद पडली. पहिला प्रायोगिक भाग वाहिनीने नाकारला होता. दुसऱ्यात विल्यम शॅटनर कॅप्टन कर्कच्या भूमिकेत आले आणि मालिका सुरू झाली. दुसऱ्या सीझननंतर ती बंद होणार अशी बातमी पसरली, तेव्हा प्रेक्षकांनी वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरा सीझन मिळवला. तिची खरी लोकप्रियता मात्र बंद पडल्यानंतर, स्थानिक वाहिन्यांवरच्या पुनःप्रक्षेपणांतून वाढली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शननेही ही मालिका दाखवली, त्यामुळे पन्नाशीच्या पुढच्या काही वाचकांना टोकदार कानांचा, अर्धा परग्रहवासी अधिकारी स्पॉक तेव्हापासूनच आठवत असेल.

मूळ मालिका पाहताना डोळ्यांना थोडी सवय करून घ्यावी लागते. खडक पुठ्ठ्याचे आहेत हे दिसते, आकाश रंगवलेले आहे हे कळते, आणि स्त्रियांच्या पोशाखांत आणि त्यांच्याविषयीच्या काही संवादांत साठच्या दशकाची दृष्टी उघड दिसते. संगीत नाटक पाहताना पडद्यावर रंगवलेला राजवाडा आपण राजवाडा म्हणून स्वीकारतो, तसाच हा स्वीकार आहे. तो एकदा झाला की अभिनय आणि लेखन समोर येते.

इथे पहिला भाग 'बॅलन्स ऑफ टेरर' असावा, पहिल्या सीझनचा चौदावा. शीतयुद्धाच्या काळातल्या पाणबुडीच्या कथेसारखी त्याची घडण आहे: दोन जहाजे, दोन कप्तान, एकमेकांच्या पुढच्या चालीचा अंदाज बांधत असलेले. शत्रूचा चेहरा पहिल्यांदा पडद्यावर येतो तेव्हा तो हुबेहूब स्पॉकच्या वंशासारखा दिसतो, आणि जहाजाच्या नियंत्रणकक्षात बसलेल्या एका अधिकाऱ्याची नजर तत्काळ स्पॉककडे वळते. तो संशय जहाजावरच्या माणसांत कसा भिनतो आणि कर्क तो किती कडकपणे थांबवतो, हे पाहण्यासारखे आहे. मग 'द डेव्हिल इन द डार्क', 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' आणि दुसऱ्या सीझनमधले 'अमॉक टाइम', 'मिरर, मिरर' आणि हलकाफुलका 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' एवढे पुरेत. तिसऱ्या सीझनची सुरुवात 'स्पॉक्स ब्रेन' या भागाने होते. त्यावरून संपूर्ण मालिकेची पारख करू नये.

या जहाजाच्या नियंत्रणकक्षात १९६६ साली कोण बसले होते याकडे लक्ष द्यावे. संपर्क अधिकारी उहुरा ही कृष्णवर्णीय स्त्री, सुकाणूवर जपानी वंशाचा सुलू, आणि दुसऱ्या सीझनपासून ऐन शीतयुद्धात रशियन चेकॉव्ह. उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडण्याच्या विचारात असताना मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना ती न सोडण्याचा आग्रह केला होता, आणि ही आठवण त्यांनी पुढे अनेकदा सांगितली.

भारताशी असलेले दुवेही इथेच सापडतात. 'स्पेस सीड' या भागात खान नूनियन सिंग हा खलनायक येतो. संहितेनुसार तो उत्तर भारतातला, बहुधा शीख. ही भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबान यांनी केली, आणि ती इतकी गाजली की १९८२ सालच्या दुसऱ्या चित्रपटासाठी त्याच पात्राला परत आणले गेले. अभिनय जबरदस्त आहे, पण या खानात भारत शोधू जाऊ नये. नाव आणि जुजबी उल्लेख यापलीकडे तो तिथे नाही. खरा दुवा १९७९ च्या पहिल्या चित्रपटात आहे. मुंबईत जन्मलेल्या आणि १९६५ च्या मिस इंडिया पर्सिस खंबाटा यांनी त्यात इलिया या अधिकाऱ्याची भूमिका केली, आणि तिच्यासाठी डोक्यावरचे सगळे केस उतरवले. चित्रपटाची गती संथ आहे, तरी त्यांच्यासाठी तो एकदा जरूर पाहावा. चित्रपटांपैकी सुरुवात मात्र 'स्पेस सीड' पाहून झाल्यावर थेट १९८२ च्या 'द रॅथ ऑफ खान'ने करावी.

पाचवी पायरी: 'डीप स्पेस नाइन', आणि इथे क्रम पाळावा

आतापर्यंत क्रम सोडण्याचा सल्ला दिला. या मालिकेपुरता तो मागे घेतो. १९९३ ते १९९९ या काळातली 'डीप स्पेस नाइन' कोणत्याही जहाजावर घडत नाही. ती एका अंतराळ स्थानकावर घडते, त्यामुळे एका आठवड्यात केलेल्या निर्णयाची किंमत पुढच्या आठवड्यात तिथेच राहून मोजावी लागते. बजोर नावाचा ग्रह कार्डेशियन लोकांच्या दीर्घ आणि क्रूर अंमलातून नुकताच सुटला आहे. कालचे अत्याचारी, कालचे प्रतिकारक आणि मधल्या मध्ये तग धरून राहिलेले व्यापारी आता एकाच स्थानकावर वावरत आहेत. त्याचा प्रमुख बेंजामिन सिस्को पत्नीच्या मृत्यूनंतर मुलाला एकट्याने वाढवतो आहे. एव्हरी ब्रूक्स यांनी साकारलेले हे बापलेकाचे नाते मला सगळ्या 'स्टार ट्रेक'मध्ये सर्वांत खरे वाटते.

पहिला सीझन सावकाश जातो. तो पूर्ण पाहण्याइतका धीर नसेल तर पहिला भाग पाहून थेट एकोणिसाव्या, 'ड्यूएट'वर जावे. स्थानकावर आलेला एक कार्डेशियन प्रवासी एका श्रमछावणीत काम करत होता, असा संशय येतो, आणि स्वातंत्र्यलढ्यात लढलेली मेजर किरा त्याची चौकशी करते. जवळजवळ सगळा भाग कोठडीच्या दोन बाजूंना समोरासमोर असलेल्या दोघांच्या बोलण्यात आहे, आणि तो संपतो तेव्हा किराचा द्वेष पूर्वीइतका सोपा राहिलेला नसतो. दुसऱ्या सीझनच्या अखेरीपासून मोठ्या युद्धाची कथा सुरू होते. तिथून पुढे मात्र भाग वगळू नयेत. सहाव्या सीझनमधले 'फार बियाँड द स्टार्स' आणि 'इन द पेल मूनलाइट' हे दोन भाग येईपर्यंत कोणी त्यांची कथा सांगू लागले तर कान झाकून घ्यावेत.

सहावी पायरी: उरलेल्या मालिकांपैकी निवड

'व्हॉयेजर' (१९९५ ते २००१) ही ७० हजार प्रकाशवर्षे दूर फेकल्या गेलेल्या जहाजाची घरवापसी आहे, आणि कॅथरीन जेनवे ही या विश्वातल्या मालिकेची प्रमुख असलेली पहिली स्त्री कॅप्टन. पहिला भाग पाहून तिसऱ्या सीझनच्या अखेरीच्या 'स्कॉर्पियन'पर्यंत उडी मारली तरी चालते. 'एंटरप्राइज' (२००१ ते २००५) कर्कच्या शंभर वर्षे आधी घडते. ती शेवटी ठेवावी.

अलीकडच्या मालिकांपैकी 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्‌स' (२०२२ पासून) ही नव्या प्रेक्षकासाठी सर्वांत सोयीची आहे. जुने चित्रीकरण ज्यांना मानवतच नाही, त्यांनी 'द मेजर ऑफ अ मॅन'ऐवजी इथून सुरुवात केली तरी माझी हरकत नाही: भाग स्वतंत्र आहेत, सीझन दहा भागांचे आहेत, आणि तिचा कॅप्टन पाइक म्हणजे १९६६ च्या आधी नाकारल्या गेलेल्या त्याच प्रायोगिक भागातला कप्तान. 'डिस्कव्हरी' सलग कथेची आहे, तिला मधूनच हात घालू नये. 'पिकार्ड' आणि विनोदी कार्टून मालिका 'लोअर डेक्स' या दोन्हींची गोडी 'द नेक्स्ट जनरेशन' पाहिल्याशिवाय कळणार नाही. घरात आठ-दहा वर्षांची मुले असतील तर 'प्रॉडिजी' त्यांच्याबरोबर बसून पाहावी. तिच्यासाठी आधीचे काहीही माहीत असण्याची गरज नाही.

पाहताना घ्यायची काळजी

कोणत्या मालिका कोणत्या स्ट्रीमिंग सेवेवर आहेत हे बदलत राहते, कारण प्रसारणाचे हक्क ठरावीक मुदतीसाठी दिले जातात. वर्षभराची वर्गणी भरण्याआधी आपल्याला हवी ती मालिका आणि तिचे सगळे सीझन तिथे आहेत का, हे पाहून घ्यावे. परदेशात राहणाऱ्या वाचकांनी भारतातली यादी गृहीत धरू नये.

२००१ पूर्वीच्या मालिकांचे चित्र जवळजवळ चौकोनी आहे आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. ते चित्र ताणून पडदा भरण्याची सोय टीव्हीत असते; ती बंद ठेवावी, नाहीतर चेहरे पसरट दिसतात. मूळ मालिका आणि 'द नेक्स्ट जनरेशन' नव्याने स्वच्छ करून उच्च दर्जाच्या चित्रात आणलेल्या आहेत. 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर' यांचे तसे झालेले नाही, त्यामुळे त्या काहीशा धूसर दिसतात. आपल्या जोडणीत बिघाड आहे असे समजून तासभर खटपट करू नये. इंग्रजी सबटायटल सुरुवातीला अवश्य लावावेत, कारण परग्रहांवरची नावे आणि बनावट तांत्रिक शब्द नुसते ऐकून समजत नाहीत. अशा तांत्रिक संवादांचा अर्थ लावत बसू नये. जहाजाचे यंत्र बिघडले आहे आणि वेळ थोडा आहे, एवढे कळले की पुरते.

एका बैठकीत दोनपेक्षा जास्त भाग पाहू नयेत. हे भाग आठवड्याला एक दाखवण्यासाठी बांधलेले होते. सलग पाच पाहिले की त्यांची घडण एकसारखी वाटू लागते आणि कथा एकमेकींत मिसळतात. शक्य असेल तर कोणाला तरी सोबत घेऊन पाहावे. 'द मेजर ऑफ अ मॅन' संपल्यावर माझी भाची आणि मी रात्री साडेअकरापर्यंत भांडत होतो. राजीनामा द्यायचा हक्कच नाही असे म्हणणाऱ्यांनी आधी डेटाला पदोन्नती आणि पदके कशी दिली, हा तिचा मुद्दा मला आजही खोडता आलेला नाही.

'द नेक्स्ट जनरेशन'चा शेवटचा भाग, 'ऑल गुड थिंग्ज', मात्र राखून ठेवावा, आणि त्याआधी तिचा सुरुवातीचा 'एन्काउंटर अ‍ॅट फारपॉइंट' एकदा पाहून घ्यावा, कारण सात वर्षांपूर्वी तिथे सुरू झालेला खटला इथे निकाली निघतो. 'द मेजर ऑफ अ मॅन'ची सुरुवात जहाजावरचे अधिकारी पोकर खेळत बसलेले असताना होते. त्या टेबलावर रायकर डेटाला चक्क फसवून डाव जिंकतो, आणि हातात काहीच नसताना कोणी पैज कशी वाढवू शकतो, हे डेटाला उमगत नाही. ते टेबल मालिकेत पुढेही पुन्हा पुन्हा येते. दर वेळी तिथे कोण बसले आहे आणि कोण कधीच येऊन बसत नाही हे पाहत राहावे, कारण 'ऑल गुड थिंग्ज'मधले शेवटचे दृश्य त्याच टेबलाचे आहे.